उसनी माणसे : रँडच्या पथकांपासून जंबो केंद्रापर्यंत

चिंचवडच्या शाळेतल्या कोणत्याही मुलाला रँड कोण, हे विचारा; उत्तर तयार असते. चापेकरांचा वाडा गावात स्मारक म्हणून जपला आहे, चौकाला त्यांचे नाव आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले आणि त्यानंतर दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे भाऊ कसे फासावर गेले, हा इतिहास इथे सांगावा लागत नाही. पण त्या इतिहासाची एक बाजू आपण सहसा उलटून पाहत नाही. प्लेगच्या कामासाठी सरकारने माणसे कुठून आणली होती? ती कोणाच्या नोकरीत होती? साथ ओसरल्यावर ती कुठे गेली? गोळीबाराच्या तेजात हा प्रश्न झाकला गेला. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत साथ आली की सरकारने माणसे जमवण्याची जी रीत ठेवली आहे, तिचा पहिला धडा पुण्यात गिरवला गेला.

इतिहास हा माझ्या शिक्षणाचा विषय नव्हे. जुने अहवाल, गॅझेटियर आणि सरकारी आदेश वाचण्याचा नाद एवढीच माझी पात्रता. या वाचनातून हाती आलेले एक सूत्र इथे मांडतो आहे. साथीच्या काळात सरकारचे यश कायदा किती कडक आणि खाटा किती यांवर जेवढे ठरते, त्याहून अधिक ते साथ नसलेल्या दिवशी हजेरीपटावर कोण होते यावर ठरते.

'कोणतीही व्यक्ती'

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या चार-साडेचार महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. त्यातील दुसऱ्या कलमाने सरकारला दिलेला अधिकार असा, की साथ रोखण्यासाठी ते आवश्यक ते उपाय स्वतः करील किंवा ते करण्याचा अधिकार कोणत्याही व्यक्तीला देईल. चौथ्या कलमाने अशा व्यक्तीला सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल संरक्षण दिले. ती व्यक्ती कोण असावी, तिला काय येत असावे, ती कोणाला उत्तरदायी असावी, याबद्दल कायद्यात अक्षर नाही. अधिकार भरपूर आणि माणूस कोणताही, अशी ही रचना. हाच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू केला गेला, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पुण्यात ही 'कोणतीही व्यक्ती' म्हणून साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड आले. त्यांच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग समिती नेमली गेली. कर्नल फिलिप्स आणि हाँगकाँगच्या प्लेगचा अनुभव घेतलेले लष्करी डॉक्टर बेव्हरिज हे तिचे इतर सदस्य. समितीचे कामगार होते लष्करातले : अधिकारी आणि शिपाई, गोरे आणि देशी मिळून सुमारे ९००. घरोघर झडती घेणे, रुग्ण इस्पितळात हलवणे, त्याच्या सोबत्यांना वेगळ्या छावणीत नेणे, घर धुऊन चुना मारणे, सामान जाळणे अशी कामे वाटून दिली होती. १३ मार्चला झडत्या सुरू झाल्या आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात थांबल्या.

केवळ कारभाराच्या दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था नेटकी होती. शहराचे भाग पाडले, पथके नेमली, रोजचा हिशेब ठेवला. मग बिघडले कुठे? शिपायांच्या वागणुकीबद्दलच्या तक्रारी, देवघरात आणि माजघरात बुटांनिशी शिरणे, स्त्रियांची तपासणी, हे सर्व आपण वाचलेले असते. त्या रागाच्या मुळाशी नेमणुकीची पद्धतही होती. हा शिपाई त्या गल्लीत पूर्वी कधी आला नव्हता आणि पुन्हा कधी येणार नव्हता. घरातल्या म्हातारीला ताप नेहमीचा की नवा, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. लोकांनाही त्याच्याकडे जाऊन आपणहोऊन काही सांगावे असे वाटण्याचे कारण नव्हते. रुग्ण लपवले गेले, प्रेते लपवली गेली. साथीच्या कामात जी माहिती सर्वांत मोलाची, तीच या व्यवस्थेने स्वतःच्या हाताने दूर लोटली.

त्याच साथीत मुंबईत याच्या उलट प्रसंग घडला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रुग्णांना सक्तीने वेगळे करण्याचा हुकूम काढला. शहर बिथरले. त्याच महिन्यात आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. तरीही सरकारला खरा धाक होता तो हलालखोरांचा, म्हणजे शहराचा मैला वाहणाऱ्या म्युनिसिपालिटीच्या कामगारांचा. ही माणसे घाबरून गावी निघून गेली तर शहर आठवडाभरही राहण्याजोगे उरणार नाही, हे प्रशासनाला ठाऊक होते. हुकूम सौम्य करण्यामागे हे एक मोठे कारण होते. उतरंडीत ज्यांना सर्वांत खाली बसवले होते, त्यांच्याच हातात शहराचा जीव होता, ही गोष्ट साथीने अशी उघडी केली.

पुण्यातही सरकारी पथकांच्या बाहेर काम चालले होते. हडपसरजवळ डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे स्वतः रुग्ण आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि त्यांनाच प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लष्कराच्या झडत्या सुरू झाल्या त्या बरोबर तीन दिवसांनी. ज्या गणेशखिंडीच्या राजभवनातून परतताना रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, त्या वास्तूत आज सावित्रीबाईंच्या नावाचे विद्यापीठ आहे. एकाच महिन्यात, एकाच रोगाविरुद्ध, काम करण्याच्या दोन रीती पुण्याने पाहिल्या. एका रीतीत अधिकार होता पण ओळख नव्हती. दुसरीत ओळख होती पण अधिकार आणि पैसा नव्हता. दोन्ही एकत्र आणणे हे सरकारचे काम होते.

भिंतीवरचा चौकोन

स्वातंत्र्यानंतर काही दशके सरकारने ते काम बऱ्याच अंशी केलेही. माझ्या पिढीतल्या आणि आधीच्या पिढीतल्या ग्रामीण वाचकांना 'देवी डॉक्टर' आठवत असेल. तो डॉक्टर नसे. देवी टोचणारा कर्मचारी असे. पण गाव त्याला डॉक्टर म्हणे आणि पोरे त्याला पाहून माळ्यावर लपत. दुसरा, मलेरियावाला. तो ठरावीक दिवसांनी दारात येई, कोणाला थंडीताप आहे का विचारी, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेई आणि भिंतीवर आखलेल्या चौकोनात तारीख टाकून सही करी. तो खरोखर आला होता की नाही, हे वरचा तपासनीस त्या भिंतीवरून पडताळत असे. घरमालकालाही ते वाचता येई. कारभार पारदर्शक ठेवण्याचे इतके स्वस्त साधन मी दुसरे पाहिलेले नाही.

या माणसांनी काय साधले, ते आकडे सांगतात. १९७५ मध्ये देशातून देवीचा रोग हद्दपार झाला. मलेरियाचे देशातील रुग्ण १९६५ च्या सुमारास वर्षाला एक लाखापर्यंत खाली आले. मग यशाने जे होते तेच झाले. रोग गेला, आता एवढी माणसे कशाला, असा विचार बळावला. अनेक भागांत मलेरियाचे काम सर्वसाधारण आरोग्य यंत्रणेकडे सोपवले गेले, ती यंत्रणा तेवढी तयार नसताना. डासांनी डीडीटीला दाद देणे कमी केले, हेही कारण होतेच. १९७६ मध्ये रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. १९७३ च्या कर्तारसिंग समितीने एकेका रोगाचा वेगळा कर्मचारी ठेवण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी असावा असे सुचवले. आजची आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक ही त्यातूनच घडलेली पदे. कल्पना योग्य होती. पण एका माणसाला दहा कामे दिली की साथीची टेहळणी हे अकरावे काम ठरते.

टेहळणीची आठवण पुन्हा झाली ती १९९४ मध्ये. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आला. सुरतेतून लाखो माणसे पळाली. त्या धक्क्यातून दहा वर्षांनी, २००४ मध्ये, एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प उभा राहिला. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत महाराष्ट्र होता. जिल्ह्याला सर्वेक्षण अधिकारी, साथरोगतज्ज्ञ, माहिती व्यवस्थापक. गावातली सेविका लक्षणांवरून एक तक्ता भरणार, डॉक्टर संशयावरून दुसरा, प्रयोगशाळा खात्रीवरून तिसरा. आराखडा उत्तम होता. मात्र त्यातली तज्ज्ञ पदे बहुतांश कंत्राटी राहिली. अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस जिल्हा ओळखू लागतो तोच दुसरीकडे कायमची नोकरी शोधू लागतो. ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, पिंपरी-चिंचवडमध्येही तपासणी केंद्रे उघडली. साथ ओसरताच केंद्रे मिटली आणि त्यांच्याबरोबर त्या कामाची आठवणही.

एक पट्टा, पाच नकाशे

मग २०२०. त्या वर्षी होळीच्या दिवशी, ९ मार्चला, पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले. त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही.

आमचा हा पट्टा कसा आहे, ते बाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत आली, नंतर मोटारींचे कारखाने आले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये सव्वासतरा लाखांवर पोहोचली. कारखाने पुढे चाकणला सरकले आणि त्यांच्यामागे कामगार. जगातल्या नामांकित गाड्या जिथे बनतात तो चाकणचा पट्टा आरोग्याच्या नकाशावर आजही खेड तालुक्याचा ग्रामीण भाग आहे. पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हजारामागे एक आशा, हे तिथले माप. लोक मोजायचे जनगणनेवरून, आणि शेवटची जनगणना २०११ ची. पुढची, २०२१ ची, महामारीनेच लांबवली. मधल्या काळात दहा बाय दहाच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारी बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भातली तरुण पोरे त्या मापात नव्हती. ती कंत्राटदाराच्या हजेरीवर होती, सेविकेच्या वहीत नव्हती.

शिवाय मालक अनेक. शहरात महानगरपालिका, गावांत जिल्हा परिषद, चाकण गावठाणात नगरपरिषद, विमा असलेल्या कामगारांसाठी चिंचवडच्या मोहननगरचे ईएसआय रुग्णालय. पाचशेहून अधिक कामगार असतील तिथे कायद्याप्रमाणे कारखान्याची स्वतःची वैद्यकीय खोली आणि परिचारिका. सकाळी चिखलीहून निघालेला कामगार महापालिकेचा, दुपारी कुरुळीत जिल्हा परिषदेचा, यंत्रावर असताना कारखान्याच्या डॉक्टरचा आणि ताप आल्यावर ईएसआयचा. गंमत अशी, की पोलिसांना ही एकच वस्ती आहे हे आधी कळले. ऑगस्ट २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले, तेव्हा चाकण, आळंदी, तळेगाव त्यातच घेतले. चोराचा माग काढताना हद्द आड येते हे सरकारला पटले होते. रोगाचा माग काढतानाही ती येते, हे पटायचे आहे.

माणसांचे काय झाले? संत तुकारामनगरचे वायसीएम हे केवळ शहराचे नव्हे, तर मावळ-खेडच्या गरिबांचेही मोठे रुग्णालय. ते कोविडसाठी राखून ठेवले गेले. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर आठशे खाटांचे जंबो केंद्र उभे राहिले, तसेच पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर. मांडव काही आठवड्यांत उभारता येतो, प्राणवायूची नळी टाकता येते. नर्स उभारता येत नाही. पुण्याच्या जंबोमध्ये सुरुवातीलाच मनुष्यबळ कोलमडले आणि ते पुरवणारी संस्था बदलावी लागली. तीन महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या करारावर डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ नेमण्याच्या जाहिराती राज्यभर निघाल्या. लाट ओसरली की करार संपत, नवी लाट आली की नव्या जाहिराती. शाळा बंद होत्या म्हणून शिक्षक सर्वेक्षणाला, नाक्यांवर आणि रेशनच्या दुकानांवर नेमले गेले. १८९७ च्या शिपायांसारखी ही माणसे उर्मट नव्हती. अनेकांनी जिवावर उदार होऊन काम केले, काहींनी तो गमावला. पण व्यवस्थेच्या दृष्टीने तीही उसनीच होती.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक, दिवसाला पन्नास घरे. आमच्या गल्लीत आलेल्या पथकातले दोन तरुण घरक्रमांक शोधत होते. सोबतच्या आशाताईंना कोणत्या घरात डायलिसिसवरचे काका आहेत आणि कोणती बाई आठव्या महिन्यात आहे, हे वही न उघडता ठाऊक होते. तापमान मोजण्याचे यंत्र तिघांकडे सारखेच होते. उपयोगाची माहिती एकीकडेच होती.

आणि त्या एकीची नेमणूक काय? ती कर्मचारी नाहीच. कागदोपत्री ती स्वयंसेविका. तिला पगार नाही, मोबदला आणि मानधन. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट नुकतीच उतरत असताना, राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभरानंतर तोडगा निघाला : महिन्याला हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मुंबईचे हलालखोर आणि या आशाताई यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. त्या गेल्या तर काम थांबेल हे सरकारला दोन्ही वेळा कळले, आणि दोन्ही वेळा ते साथीच्या मध्यावर कळले.

रिकामा बसवून ठेवायचा का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. महामारी दर वर्षी येत नाही. तिच्यासाठी हजारो माणसे पगारावर बसवून ठेवणे कोणत्या सरकारला परवडेल? साथ आली की बाहेरून माणसे घ्यावीच लागणार.

घ्यावीच लागतील, उसने पीठ शेजारून आणता येते. पण चूल आपली लागते. बाहेरून आलेल्या शंभर जणांना कोणत्या वस्तीत जायचे, काय विचारायचे, कोणाला कळवायचे हे सांगणारे दहा जण आधीपासून तिथले असावे लागतात. हे दहा जण रिकामे बसत नाहीत. ते लसीकरण करतात, क्षयाच्या गोळ्या पोहोचवतात, पाण्याचे नमुने घेतात, डेंगीची डबकी शोधतात. अग्निशमन दलाच्या जवानापेक्षा त्यांचा रोजचा दिवस जास्त भरलेला असतो. तमिळनाडूने सार्वजनिक आरोग्याचे संचालनालय वेगळे ठेवले आहे. १९३९ पासून तिथे स्वतंत्र सार्वजनिक आरोग्य कायदा आहे आणि साथरोगाचे काम हीच ज्यांची नोकरी असे अधिकारी आहेत. आपल्याकडे शस्त्रक्रियेत मुरलेला डॉक्टर सेवाज्येष्ठतेने साथरोगाच्या खुर्चीवर येऊ शकतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी असा स्वतंत्र संवर्ग उभारावा असे म्हटले, २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक आराखडाही दिला. आराखडा आला म्हणजे संवर्ग आला असे होत नाही.

ताजी परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये झाली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गावाच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, केंद्राचे पथक आले, पाण्याचे नमुने तपासले गेले, घरोघर सर्वेक्षण झाले. कोविडने काही शिकवले होते, हे मान्य करायला हवे. पण रोज निघणारे पत्रक पाहा. त्यात रुग्णांची विभागणी अशी असे : पुणे महापालिका, महापालिकेत नव्याने आलेली गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे. साथीचा केंद्रबिंदू नेमका त्या दुसऱ्या रकान्यात होता, म्हणजे जिथे ग्रामपंचायत गेली होती आणि महापालिका पुरती पोहोचली नव्हती तिथे. चाकण उद्या कोणत्या रकान्यात असेल?

म्हणून माझी मागणी मोठ्या इमारतीची नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याचे एकच साथरोग पथक असावे आणि हद्द बदलली तरी त्याचा अधिकार बदलू नये. त्यातली पदे कायम असावीत. आशाताईंना कर्मचारी म्हणावे आणि तसा पगार द्यावा. कारखान्याच्या दवाखान्यातली परिचारिका आणि कंत्राटदाराची हजेरीवही त्या पथकाला जोडलेली असावी, म्हणजे खोलीत पाळीने झोपणारा तरुणही कोणाच्या तरी यादीत येईल. दर वर्षी पावसाळ्याआधी या सर्वांची एक रंगीत तालीम व्हावी. कारखान्यांत आगीची होते, तशी. आणि कोविडच्या दिवसांत ज्यांनी वॉर्डात, स्मशानात, सर्वेक्षणात काम केले आणि करार संपताच जे घरी गेले, त्यांची नावे आणि कौशल्ये एका नोंदवहीत उतरवून ठेवावीत. ती माणसे अजून याच गल्ल्यांत राहतात. काही औषधांच्या दुकानात आहेत, काही कारखान्यात, काही घरीच. पुढच्या साथीचा अनुभव आजच आपल्या हाताशी आहे. दहा वर्षांनी तो पांगलेला असेल, आणि मग पुन्हा 'कोणतीही व्यक्ती' शोधण्याची वेळ येईल.